मांड्या काचतात, वस्तरा केसांवर चालतो

मलकापूरहून मोताळामार्गे सायकलने बुलढाणा गाठायचे तर शेवटी राजूर घाट चढावा लागतो. घाटाखालच्या उन्हात सुटलेला घाम चढणीवर कपड्यांतून निथळतो आणि वर आल्यावर वाऱ्याने अंगावरच वाळतो. पोटऱ्यांचे दुखणे दोन दिवसांत विसरले जाते. जांघेतले काचणे मात्र आठवडाभर प्रत्येक पावलाला आठवण देते. आंघोळीचे पाणी लागले की आग, बसले की आग, चालले की आग. पाठ किंवा गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत सांगतो. हे दुखणे तो घरातही सांगत नाही. मग उपाय गुपचूप होतात. त्यांतले सर्वांत लोकप्रिय दोन उपाय, म्हणजे तिथले केस ब्लेडने काढणे आणि मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणणे, मूळ दुखण्यापेक्षा जास्त त्रास देतात.

काचणे म्हणजे त्वचेवरची घासण. पायडल मिनिटाला ७० वेळा फिरते असे धरले तर दहा तासांच्या सायकलिंगमध्ये प्रत्येक मांडी सीटच्या कडेला ४२ हजार वेळा घासते. ब्रेव्हे प्रकारच्या स्पर्धाविरहित मोहिमेत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे हा आकडा हौशी सायकलस्वाराच्याही आवाक्यातला आहे. कोरडी त्वचा एवढी घासण बऱ्याच अंशी सोसते. ओलसर त्वचा मऊ पडते, कापडाला चिकटते आणि तिचा वरचा थर लवकर सोलवटतो. घाम वाळल्यावर मागे राहणारे मिठाचे कण बारीक सॅण्डपेपरचे काम करतात. त्यात जीन्सची किंवा चड्डीची जाड शिवण नेमकी जांघेतून गेलेली असेल तर वेगळे कारण शोधायला नको.

यात केस कुठे आले? व्यावसायिक सायकलपटू पायांचे केस काढतात, हे टीव्हीवर दिसते आणि मोबाइलवर त्याचे सल्लेही मिळतात. त्यामागची कारणे पायांपुरती आहेत: पडल्यावर जखम साफ करणे सोपे जाते, चिकटपट्टी काढताना केस ओढले जात नाहीत, मालिश करता येते, आणि वाऱ्याचा अडथळा किंचित कमी होतो. शर्यतीत सेकंदांचा हिशेब असतो. खामगावहून बोथा घाटातून बुलढाण्याला येणाऱ्याला त्या सेकंदांचे काय करायचे, हा प्रश्नच आहे. पण पाय गुळगुळीत केल्याने त्याचे नुकसानही नाही. गोंधळ होतो तो पायांचा नियम जांघेला लावल्यावर.

जांघेतले केस त्वचेच्या दोन घड्यांमध्ये पातळ अस्तरासारखे असतात. ते त्वचेला त्वचेवर थेट घासू देत नाहीत आणि घाम थोडा पसरवतात. ब्लेडने ते काढले की तीन गोष्टी एकदम घडतात. अस्तर जाते. त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. आणि दोन दिवसांत खुंट वर येऊन पलीकडच्या त्वचेला टोचू लागतात. जांघेतले केस मुळात कुरळे. कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते, मुळाशी जंतू गेले की पू धरतो. मराठीत याला केसतूड म्हणतात, आणि नावातच कारण सांगितलेले आहे. असे केसतूड सीटखाली दाबले गेले की सायकल आठ-पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते.

ब्रिटनच्या सायकल संघाने हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी अनुभवले. त्यांच्या महिला सायकलपटूंना सीटमुळे होणाऱ्या फोडांनी हैराण केले होते. फिजिओथेरपिस्ट फिल बर्ट यांनी घर्षणाचे अभ्यासक आणि डॉक्टर एकत्र बसवले. सीटचा कोन, कपडे यांची चर्चा झालीच. पण त्यातून निघालेला एक सल्ला अगदी साधा होता: जांघेत दाढी करणे आणि वॅक्सिंग बंद करा. त्यानंतर तक्रारी झपाट्याने कमी झाल्या. शस्त्रक्रियागृहातला अनुभवही याच दिशेचा आहे. ऑपरेशनआधी त्या जागेचे केस वस्तऱ्याने भादरण्याची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी नाकारली. केस काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने कापावेत, असे त्या सांगतात. कारण तेच, ओरखड्यांतून होणारा जंतुसंसर्ग.

म्हणून केस फारच दाट असतील, घामाने गुंता होत असेल, तर ट्रिमरने अर्धा-एक सेंटिमीटर ठेवून कापावेत, तेही लांबच्या फेरीच्या तीन-चार दिवस आधी. हेअर रिमूव्हर क्रीम तिथल्या पातळ त्वचेला भाजते. ज्याला केस काढायचेच आहेत, आवड म्हणून, सवय म्हणून, त्याने काढावेत; फक्त काचणे थांबेल या आशेने काढू नयेत.

काचणे थांबते ते इतर गोष्टींनी. सीट जास्त उंच असेल तर पाय पोहोचवण्यासाठी कंबर दोन्ही बाजूंना हलते आणि प्रत्येक फेरीला मांडी घासते. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, इतकी उंची बरोबर. सीटचे नाक वर उचललेले नको. सायकलिंगची गादीवाली चड्डी आतून काहीही न घालता वापरायची असते, हे अनेकांना माहीत नसते. आत साधी चड्डी घातली की तिच्या शिवणी पुन्हा जांघेत येतात आणि हजार-दोन हजार रुपये वाया जातात. निघण्यापूर्वी जांघेत व्हॅसलिनचा थर लावावा. खोबरेल तेल वाईट नाही, पण ते पातळ असल्याने तासाभरात कापडात मुरते. टाल्कम पावडर थोड्या अंतराला ठीक. घामात तिचा लगदा होतो आणि त्याच्या गोळ्याच घासू लागतात. घरी पोहोचल्यावर चहा नंतर, आधी ओले कपडे बदलावेत. सोलवटलेच असेल तर साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे आणि दोन-तीन दिवस सायकलला सुट्टी द्यावी.

खरी चिंता ट्यूबची आहे. घासण्याने झालेली लाली, गजकर्ण आणि घड्यांमध्ये होणारा यीस्टचा संसर्ग या तिन्ही गोष्टी जांघेत होतात आणि वरवर सारख्या दिसतात. मेडिकलमध्ये मात्र तिन्हींना बहुधा एकच ट्यूब मिळते: स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ‘चांगली ट्यूब’ म्हणून ती घरभर फिरते. गजकर्ण असेल तर लाली मावळते, बुरशी मात्र आत पसरत राहते. जांघेतली त्वचा पातळ, औषध जास्त शोषणारी. महिनोन्महिने लावल्यावर ती आणखी पातळ होते आणि कायमचे पांढुरके चट्टे पडतात. केवळ घासलेल्या त्वचेला तर या औषधाची गरजच नव्हती. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. काउंटरवर चित्र वेगळे दिसते.

याची किंमत देश मोजतो आहे. गेल्या दशकभरात भारतात न हटणारे, पुन्हा पुन्हा उलटणारे गजकर्ण वाढले. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात भारत आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिच्या अनेक प्रकारांनी दाद देणे सोडले आहे. स्टेरॉइडच्या ट्यूबांचा बेसुमार वापर हे या साथीमागचे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

खाजले की बुरशी, हा अंदाज बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि नंतर जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागले. तेव्हाही आरंभी बोट बुरशीवर आणि पाण्यावर ठेवले गेले. पुढे आयसीएमआरचे पथक आले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. तो प्रश्न फार मोठा आणि वेगळा. पण नुसत्या नजरेने बुरशी ठरवणे किती फसवे असते, ते त्याने दाखवले. जांघेतल्या चट्ट्याची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. त्वचेची थोडी खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू दिसतात. कडा उठलेला, मध्ये निवळत बाहेर पसरणारा चट्टा, आठवडाभर विश्रांती देऊनही न जाणारी लाली, पू किंवा ताप असेल तर ही तपासणी करून घ्यावी. वारंवार असे होत असेल तर रक्तातली साखरही पाहावी. मधुमेह पहिल्यांदा जांघेतून दिसल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवीन नाहीत.

या दुखण्याचा संबंध महागड्या सायकलींशीच आहे असेही नाही. शेगावहून ज्येष्ठात निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर सातशे किलोमीटरहून अधिक पायी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या मांड्याही अशाच काचतात, ओल्या धोतराने अधिकच. आणि सर्वांत गप्प राहतात त्या शाळकरी मुली. मानव विकास कार्यक्रमातून गरजू तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, बुलढाण्यातही. सिंथेटिक कापडाची सलवार, घाम आणि पाळीच्या दिवसांत पॅडची कड यांनी जांघ सोलवटते. आईला सांगायची लाज वाटते, मग त्या चार दिवसांत सायकल घरी राहते किंवा मुलगीच घरी राहते. पाळीबद्दल शाळांत आता बोलले जाते. त्या तासाला सुती आतले कपडे, पॅड वेळेवर बदलणे आणि व्हॅसलिन या तीन गोष्टींना पाच मिनिटे पुरतील. सीट मुलीच्या उंचीला बसवायला एक पाना लागतो. सायकल ज्या उंचीवर वाटपाच्या दिवशी मिळाली, त्याच उंचीवर ती पुढची पाच वर्षे चालवली जाते.