मडक्यातला पराग

वाचकहो, तापीकाठच्या कामरेजास जुन्या भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी डोकावताना दिसली, तर ती लिंपू नका. आत डंख नसलेल्या मधमाश्यांचे घर असते. ही माशी जेमतेम ४ मिलिमीटरची.

मेण व राळ मळून ती चिमुकली मडकी घडविते. मध एकात, पराग दुसऱ्यात. पराग हा पिलांचा घास. पिलाची कोठडी एकदाच अन्नाने भरावयाची, वर राणीने अंडे घालावयाचे आणि लगेच तोंड बंद. पुन्हा भरविणे नाही. म्हणून पिले वाढली, मडकी रिती झाली की परागाच्या खेपा वाढतात. साठा पुरेसा असला की त्या उणावतात. आपल्या गृहिणी तरी याहून निराळे काय करतात? गारठ्यात वा पावसात मात्र गरज असूनही बाहेर पडणे होत नाही. फुले नुकती उमललेली असतात त्या सकाळच्या प्रहरीच पराग विपुल मिळतो.

लांबची मजल तिला झेपत नाही. घराभोवती काहीशे मीटरांत जे फुलेल तेवढेच तिचे. उसाच्या मळ्यांत तिला फारसे काही लाभत नाही. तिची भिस्त बांधावरच्या शेवग्यावर, परसातल्या तुळशीवर. तेव्हा भाजीवर औषध फवारणे अटळच असेल, तर ते सकाळी नको. माश्या घरी परतल्यावर, सांजवेळी फवारावे.