कॉन्स्टान्शियाची वाईन आणि फाटकाजवळचा दर्गा

मी दारू पीत नाही. तरी वाईनवर लिहितोय म्हणून काही मित्र भुवया उंचावतील. उंचावू द्या.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ कॉन्स्टान्शिया नावाचा भाग आहे. डोंगराचा उतार आणि समोर फॉल्स बे. समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्यामुळे तिथली द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकवून धरतात. सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षाचा तजेला आणि सेमियोंचा भरीवपणा एकत्र करून तिथे पांढरी वाईन बनवतात. जाणकार तिचं तोंड भरून कौतुक करतात. वारा, माती, समुद्र या सगळ्यांना त्यात जागा मिळते. माणसांना मात्र क्वचितच.

हे मळे डच गव्हर्नर सिमोन व्हान देर स्टेलला 1685 मध्ये मिळालेल्या जमिनीवरचे. राबायला गुलाम होते. मादागास्कर, इंडोनेशिया, आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलमधून जहाजात कोंबून आणलेले. त्यांच्यात मुसलमानही होते. क्लाइन कॉन्स्टान्शिया या मळ्याच्या फाटकाजवळ शेख अब्दुर्रहमान मातेबे शाह यांचा दर्गा आहे. तिथले लोक त्याला ‘क्रामत’ म्हणतात, आपलाच ‘करामत’ शब्द. डच कंपनीने 1668 मध्ये त्यांना कैदी म्हणून केपला आणलं, म्हणजे व्हान देर स्टेलला जमीन मिळायच्या सतरा वर्षं आधी. पुढे वर्णभेदी राजवटीने कॉन्स्टान्शिया गोऱ्यांसाठी राखीव केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांना तिथून हुसकावलं. दर्गा तेवढा हलवता आला नाही.

आमच्याकडे दारूचा विषय ‘हराम’ म्हणून एका शब्दात मिटतो. पिणारा दोषी, तसा रस काढणारा आणि वाहून नेणाराही दोषी, असं बयानात सांगतात. मग ज्याला बेड्या घालून मळ्यात उभं केलं, त्याचं काय? जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामाचा गुन्हा करणाऱ्यावर नसतो, हेही आपल्याच फिक्हमध्ये आहे. ते का सांगत नाही?

गुलामी 1834 मध्ये कायद्याने संपली, पण केपच्या मळ्यांत मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपात द्यायची रीत राहिली. तिला ‘डॉप’ म्हणतात. दिवसातून अनेकदा मजुराचा पेला भरायचा. 1960 च्या दशकात बंदी आली, तरी नव्वदच्या दशकापर्यंत ती कुठे कुठे चालूच होती. आईच्या पोटातच दारूने इजा झालेल्या मुलांचं प्रमाण आज जगात जिथे सर्वाधिक आहे, त्यात हाच प्रांत येतो. दारूला विरोध करायचा तर मला ही जागा पेल्यापेक्षा महत्त्वाची वाटते. मजुराला व्यसन लावून कामावर बांधून ठेवणारा मालक आमच्या बयानात कधीच येत नाही. येतो तो फक्त गुत्त्यावरचा गरीब.

पुढच्या जुम्म्याला आमच्या मशिदीत नशाबंदीवर बयान आहे. इमामसाहेबांना हे सगळं सांगून आलोय. “बघतो,” म्हणाले.