सर्व्हिस हाताची, बळ कमरेचे

आपल्या छत्रपती संभाजीनगरात टेनिस आता नवलाईचे राहिलेले नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे खांद्याला रॅकेट अडकवून निघालेली दहा-बारा वर्षांची मुले दिसतात. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. आपल्या मुलीनेही असे काही करावे, असे कोणत्या आईबापाला वाटणार नाही? पण त्या मुलीचा खांदा तोवर टिकेल का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

सर्व्हिस हाताने होते असे दिसते खरे. पण जोर पायांतून उठतो, पोट-कमरेतून वर चढतो आणि खांद्यावाटे रॅकेटपर्यंत पोचतो. कमर थकली की सारा भार खांद्याच्या लहान स्नायूंवर पडतो. पहिल्या सेटमध्ये हे जाणवत नाही, तिसऱ्यात जाणवते. त्यातून वाढत्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात. मारिया शारापोव्हाला २००८ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्या सोमदेव देववर्मनचेही २०१२ मधले कित्येक महिने खांद्याच्या दुखापतीत गेले.

उपाय खर्चिक नाही. सूर्यनमस्कार, प्लँक, रबरी पट्ट्यांचे हलके व्यायाम; जोर कमी, आवर्तने जास्त, आणि नियमितपणा. खांदा दुखतो म्हटले, तर ‘सहन कर’ न म्हणता विश्रांती द्यावी.

पालकांनी प्रशिक्षकांना ‘पुढची स्पर्धा कधी?’ हे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘कमरेचा, खांद्याचा व्यायाम रोज होतो ना?’ हे विचारावे. बाराव्या वर्षीच्या चषकापेक्षा विसाव्या वर्षी न दुखणारा खांदा मला अधिक मोलाचा वाटतो.