पंचवीस कोटींची पोटदुखी

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार. वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली मी राजुऱ्याला घरी होतो. लॅपटॉपवर एक कंटाळवाणा कॉल म्यूट करून ठेवलेला आणि समोर टीव्हीवर अबू धाबीतलं आयपीएल ऑक्शन. कॅमेरॉन ग्रीनची बोली चढत चढत २५ कोटी २० लाखांवर थांबली आणि तो कोलकात्याकडे गेला. सकाळीच कापूस विकून आलेले काकाजी शेजारी बसले होते. ते ताडकन म्हणाले, "काहून गा, त्या पोट्ट्याले पंचवीस कोटी? सोन्याची बॅट आहे का त्याची?"

तेवढ्यात पुण्याच्या ऑफिस ग्रुपवरही तेच सुरू झालं. 'आपण वर्षभर घासून आठ टक्के हाइक, आणि हे दोन महिन्यांत पंचवीस कोटी.' खाली रडक्या स्मायलींची रांग. दर ऑक्शनला हे होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात ऋषभ पंत २७ कोटींना गेला तेव्हाही झालं होतं.

काकाजींचं सोडा, त्यांना एकरी खर्च आणि कापसाचा भाव यांचा मेळ बसवायचाय. पण आपण आयटीवाले? आपल्याला तरी गणित यायला हवं. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो. माझं म्हणणं असं की आयपीएलच्या खेळाडूंना जास्त नाही, कमी मिळतं. आणि ऑक्शन म्हणजे पगार वाढवायची जत्रा वाटत असली तरी तो पगार आवरून धरायचा बंदोबस्त आहे.

आधी ग्रीनचंच बघा. बोली २५.२० कोटींची, पण त्याला मिळणार १८ कोटी. कारण मिनी ऑक्शनमध्ये परदेशी खेळाडूच्या पगाराला बोर्डाने मर्यादा घातलीय. वरचे ७.२० कोटी बोर्डाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. म्हणजे मालक द्यायला तयार, खेळाडू घ्यायला तयार, आणि मध्ये नियम उभा. गंमत म्हणजे त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाला सरकारने क्विंटलमागे ८,११० रुपयांचा हमीभाव दिला होता. तो हातात पडतो की नाही हा वेगळा विषय, पण निदान कागदावर तरी शेतकऱ्यासाठी खालची रेघ आखलेली असते. खेळाडूसाठी वरची आखतात.

आता मोठं गणित. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला ऑक्शनसाठी १२० कोटींची पर्स होती. मॅच फी वगैरे सगळं धरून पगाराची मर्यादा १४६ कोटी. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. म्हणजे नुसत्या प्रसारणाच्या पैशाच्या पंधरा टक्के. टायटल स्पॉन्सर, तिकिटं, जर्सीवरच्या जाहिराती यात धरलेल्याच नाहीत.

आणि २००८ साली? तेव्हा प्रसारणाचा करार दहा वर्षांचा, एक अब्ज डॉलरच्या थोडा वर. सरासरी वर्षाला दहा कोटी डॉलर. आठ संघ, प्रत्येकाची पर्स ५० लाख डॉलर. एकूण चार कोटी. ढोबळ हिशोब आहे मान्य, पण चाळीस टक्क्यांवरून पंधरा टक्के! धोनीचे तेव्हाचे १५ लाख डॉलर आणि पंतचे २७ कोटी शेजारी ठेवून आपण 'बापरे' म्हणतो. धंदा किती फुगला ते बघतच नाही.

मालक बिचारे तोट्यात असतील असंही वाटून घेऊ नका. २०२१ च्या ऑक्टोबरात लखनौच्या संघासाठी ७,०९० कोटींची बोली लागली. १४६ कोटींच्या हिशोबाने हा खेळाडूंचा ४८ वर्षांचा पगार झाला. जो माणूस नुसत्या संघाच्या मालकीसाठी एवढे मोजतो, त्याला बॅट्समनचे २७ कोटी जड जातात यावर माझा विश्वास नाही.

तुम्ही म्हणाल, ऑक्शन म्हणजे खुला बाजारच की! नाही हो. खुल्या बाजारात माझ्या हातात तीन ऑफर लेटर असतात. मी पगार बघतो, मॅनेजर बघतो, हिंजवडीचा ट्रॅफिक बघतो आणि ठरवतो. ऑक्शनमध्ये खेळाडू आपली बेस प्राइस लिहून देतो आणि गप्प बसतो. कोण घेणार, कुठल्या शहरात जायचं, कोणाच्या हाताखाली खेळायचं, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. निवड झाल्यावर दुखापतीसारखं कारण नसताना माघार घेतली तर दोन वर्षं बंदी. २०२५ मध्ये हॅरी ब्रूकवर ती आलीही.

रवींद्र जडेजाचं प्रकरण आठवतंय? २०१० साली त्याला अख्खा मोसम बाहेर बसवलं होतं. गुन्हा काय, तर राजस्थानचा खेळाडू असताना त्याने मुंबईशी परस्पर बोलणी केली. आपल्या भाषेत, नोकरीत असताना दुसरीकडे इंटरव्ह्यू दिला! ज्याने हे कधीच केलं नाही त्या आयटीवाल्याने हात वर करावा. पुढच्याच वर्षी ऑक्शनमध्ये तो साडेनऊ लाख डॉलरना गेला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात त्याला परत राजस्थानला दिलं. पगार १८ कोटींवरून १४ कोटी.

आता आपल्या विदर्भाकडे या. अमरावतीचा जितेश शर्मा. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांना घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने शेवटच्या ओव्हर्समध्ये धुलाई केली, पुढे भारताकडूनही खेळला. पण त्याला बाजारात उभं राहता आलं ते थेट २०२४ च्या नोव्हेंबरात, मोठं ऑक्शन झालं तेव्हा. बंगळुरूने दिले ११ कोटी. पंचावन्न पट! २०२५ चा कपही बंगळुरूनेच नेला. तो एका रात्रीत तर पंचावन्न पट सुधारला नव्हता ना?

दुसरी बाजू उमेश यादवची. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा कामगार वसाहतीत वाढलेला. सास्ती-धोपटाळ्याच्या खाणी उशाशी असलेल्या आम्हा राजुऱ्याच्या पोरांना तो नेहमीच घरचा वाटत आलाय. त्याचा भाव बघा: २०१८ मध्ये ४.२० कोटी, २०२१ मध्ये १ कोटी, २०२२ मध्ये २ कोटी, २०२४ मध्ये ५.८० कोटी आणि २०२५ साठी अनसोल्ड. फास्ट बोलरची कमाईची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपल्यासारखं अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला रेटता येत नाही. त्या मोजक्या वर्षांतली दोन-तीन जुन्या भावात अडकून गेली तर ती कोण परत देणार?

बेसबॉलवाल्यांनी ही लढाई पन्नास वर्षांपूर्वी लढलीय. तिथे 'रिझर्व्ह क्लॉज' होता. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. १९६९ साली सेंट लुईसने कर्ट फ्लड या खेळाडूची फिलाडेल्फियाला बदली केली. तो म्हणाला, मी जाणार नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ साली हरला, करिअरही संपलं. पण १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि ते कलम कोसळलं. पाच वर्षांत सरासरी पगार तिप्पट झाला. बेसबॉल बुडाला का? २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. कुठे खेळायचं ते सोटोने ठरवलं.

यावर नेहमीचा आक्षेप: मोकळं सोडलं तर अंबानी सगळेच विकत घेतील, मग मजा काय? मुद्दा खरा आहे. बोर्ड याच पैशातून रणजी आणि ज्युनियर क्रिकेट चालवतं, हेही खरं. मी मर्यादा काढा म्हणतच नाही. पण ती उत्पन्नाला बांधा. अमेरिकेतल्या एनबीएमध्येही मर्यादा आहे, पण बास्केटबॉलच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे करारात लिहिलेलं आहे. आणि ठरावीक वर्षं खेळलेल्याला मर्यादेच्या आत आपला संघ निवडू द्या. मजा कुठेही जात नाही.

मग इथे हे का होत नाही? कारण मागायला कोणी नाही. २०१९ साली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, पण ती माजी खेळाडूंची. आज खेळणाऱ्यांची संघटना नाही. पंतचं ठीक आहे, त्याचा एजंट आहे. ३० लाखांच्या बेस प्राइसवर डगआउटमध्ये पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्या पोराच्या वतीने कोण बोलणार?

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. २००९ साली गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि ते पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे बांबू तुमचा, पण हलवायचा नाही! ग्रामसभेने एकत्र राहून रेटलं, तेव्हा २०११ च्या एप्रिलमध्ये ते पुस्तक गावाच्या हातात आलं. मग गावाने स्वतःच बांबूचा लिलाव केला. लिलाव वाईट नसतो हो. विकणारा कोण आहे, एवढाच प्रश्न असतो. आयपीएलमध्ये कसब खेळाडूचं आणि परवान्याचं पुस्तक दुसऱ्याच्या खिशात.

आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांनी एकमेकांचे इंजिनिअर पळवायचे नाहीत असं आपसात ठरवलं होतं. २०१० साली अमेरिकी सरकारने त्यांना रोखलं आणि २०१५ मध्ये इंजिनिअरांना ४१.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको) दोन वर्षांचा बॉण्ड होता. दुसरी ऑफर हातात असून मी चौदा महिने नुसता बसून होतो. त्या चौदा महिन्यांत माझी किंमत कंपनीला माहीत होती, मला माहीत होती, फक्त मिळत नव्हती. म्हणून खेळाडूच्या आकड्यावर रडकी स्मायली टाकताना जरा थांबा. आपण चुकीच्या बाजूने रडतोय.

त्या दिवशी काकाजींना मी विचारलं, "यार्डात भाव पटला नाही त काय करता?"

"काय करतो म्हंजे? गाडी वापस आणतो. माल आपला आहे ना."

मी म्हटलं, त्या पोट्ट्याला गाडी वापस नेता येत नाही. काकाजी थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग त बेकार आहे बाप्पा हे."

मला एवढंच म्हणायचं होतं. कॉल अजून म्यूटवरच होता. असो.