घर आणि दुकान यांच्यासाठी एकच छोटा संगणक

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचे घर आणि दुकान एकाच छपराखाली असते. पुढे किराणा, शिलाई किंवा मासळीचा हिशेब. मागे मुलांचा अभ्यास आणि टीव्ही. कोणी दोन खोल्या पर्यटकांना देतो, कोणी आंब्याच्या पेट्या मुंबईला धाडतो. अशा घरात संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यापासून बिले आणि विवरणपत्रे त्याच्यावरच होतात. प्रश्न एवढाच, की संगणक घ्यावा तर कोणता?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. अनेक दुकानांत टेबलाखाली जी उभी पेटी असते, जिला आपण सीपीयू म्हणतो, ती जुनी असेल तर विंडोज ११ स्वीकारत नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि वर्षांचे खाते ठेवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता झोपण्यासारखे आहे. पेटी बदलायची वेळ आलीच असेल, तर आमचे मत मिनी पीसीच्या बाजूचे आहे.

मिनी पीसी म्हणजे मिठाईच्या छोट्या डब्याएवढा पूर्ण संगणक. अॅपलने २००५ मध्ये मॅक मिनी काढला. पुढे इंटेलने साधारण चार इंच चौरस पाटीवरची आपली एनयूसी मालिका आणली. २०२३ मध्ये तो धंदा सोडून इंटेलने ती असूस कंपनीकडे दिली. आज अनेक कंपन्यांचे असे डबे मिळतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर, पत्रव्यवहार, इंटरनेट, आखाती देशांत असलेल्या भावाशी व्हिडिओवर बोलणे, चित्रपट, मुलांचे धडे, एवढी कामे साधा मिनी पीसीही सहज करतो.

पहिला फायदा पैशाचा. लॅपटॉपच्या किमतीत पडदा, कळफलक आणि बॅटरी यांचे पैसे धरलेले असतात. मिनी पीसी घरातल्याच टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडता येतो. कळफलक आणि माऊस तेवढे वेगळे घ्यावे लागतात. हप्ते आणि त्यावरचे व्याज टाळून रोखीने घेता येईल अशी ही वस्तू आहे, आणि आपल्या वाचकांना याचे महत्त्व सांगायला नको.

दुसरा फायदा विजेचा. जुनी पेटी ८० वॅट घेते असे धरा. रोज ८ तासांप्रमाणे महिन्याला १९.२ युनिट झाले. १५ वॅट घेणाऱ्या मिनी पीसीला तेवढ्याच वेळात ३.६ युनिट पुरतात. बिलातली ही बचत मोठी नाही; खरी किंमत कळते ती वीज गेल्यावर. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही वादळे कोकणपट्टीने पाहिली आहेत, आणि पावसाळ्यात वीज जाणे तर नेहमीचेच. छताच्या जुन्या पंख्याला साधारण ७५ वॅट लागतात. मिनी पीसी आणि ३२ इंची एलईडी टीव्ही मिळून तेवढ्यातच भागतात. म्हणजे घरचा इन्व्हर्टर एक पंखा बंद ठेवून दुकानाचे काम चालवू शकतो. मात्र मिनी पीसीत बॅटरी नसते. वीज जाताच तो बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरला यूपीएस मोडचे बटण असेल तर ते चालू ठेवावे. नसेल तर छोटा यूपीएस घ्यावा.

आता अडचणी. टीव्हीवरची अक्षरे हा पहिला मुद्दा. ज्या टीव्हीवर एचडी रेडी लिहिलेले असते त्यावर हिशेबाचे बारीक आकडे फुटतात. फुल एचडी पडदा हवा, आणि कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलावा. दुसरा मुद्दा खाऱ्या, दमट हवेचा. समुद्राकडच्या खिडकीत डबा ठेवू नये. पंखा आणि जाळी वेळोवेळी साफ करावी. तिसरा मुद्दा विकत घेतानाचा. काही डब्यांत रॅम पाटीलाच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून ८ जीबीच्या खाली जाऊ नये. विंडोजचा परवाना खरा आहे का ते विचारावे, आणि पक्के बिल घ्यावे. बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल तर धंद्याच्या वापरापुरते कर-क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही.

ज्याला फक्त चित्रपट पाहायचे आहेत त्याने मिनी पीसी घेऊच नये. टीव्हीला लावायची छोटी स्ट्रीमिंग स्टिक पुरते. ज्याला गावोगाव फिरून ऑर्डर घ्यायच्या आहेत त्याला लॅपटॉपच हवा. व्हिडिओ संकलनाचे जड काम करणाऱ्यालाही साधा मिनी पीसी कमी पडेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरातल्या शिस्तीची. पडदा एक आणि मागणारे चार असले की हिशेब मागे पडतो, हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक आहे. म्हणून वेळ ठरवावी: दिवसा दुकान, संध्याकाळी अभ्यास, त्यानंतर करमणूक. विंडोजमध्ये धंद्याचे आणि मुलांचे खाते वेगळे करून धंद्याच्या खात्याला पासवर्ड लावावा. मुलाने खेळ उतरवताना वर्षाचा हिशेब पुसला गेला, तर दोष यंत्राला देता येणार नाही. आणि दर आठवड्याला खात्याची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ती कपाटात ठेवावी. वही भिजली तरी काही पाने वाचतात. डिस्क गेली की सारेच जाते.

आमच्या वडीलधाऱ्यांनी चोपडी नीट ठेवली म्हणून बाजारात त्यांची पत राहिली. मोसम संपला की पाऊस लागण्यापूर्वीच्या दिवसांत आपल्या जुन्या पेटीची पाहणी करा, जाणकाराला विचारा, आणि गरज पटली तर हा छोटा डबा घरात आणा. वस्तू लहान असली तरी तिच्यात ठेवायचा हिशेब आपल्या घराचा आहे.