उभ्या ट्रॅक्टरचा चारा

दर कार्तिकात, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, बेंगळुरूच्या बसवनगुडीत नंदीच्या देवळापुढच्या रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. कडलेकाई परिषे नावाची ही जत्रा. इथल्या सुंकेनहळ्ळी गावच्या शेतांत शिरून एक बैल शेंगा फस्त करी, म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक त्यालाच वाहण्याचे कबूल केले, अशी तिची कथा आहे. हे देऊळ बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास बांधल्याचे सांगितले जाते. कथेतली श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी, पण तिच्यातला व्यवहार प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला होता: बैल औताला जुंपलेला असो वा गोठ्यात बसलेला, त्याचे खाणे चुकवता येत नाही. याच शहरात १९६७ साली व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली. आधी पॉवर टिलर आणि पुढे १८.५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर तिने लहान शेतकऱ्याच्या दारात नेला. महिंद्राचा एक सिलिंडरचा, १५ अश्वशक्तीचा युवराज २१५ नंतर आपल्याकडे आला. बैलांच्या जागी आलेल्या या यंत्रांपैकी पुष्कळ आता दहा-पंधरा वर्षांची झाली आहेत. त्यांची देखभाल आपण चुकीच्या मापाने करतो, असे आमचे मत आहे.

ते माप म्हणजे तास-मीटर. पुस्तिकेत दर २५० तासांनी इंजिन ऑइल बदला असे लिहिलेले असते, आणि रोज आठ तास चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ते रास्तच आहे. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे, महाराष्ट्रात १.३४ आणि कर्नाटकात १.३६. तीन-चार एकरांची मशागत, पेरणी, फवारणी आणि थोडी वाहतूक धरली तरी वर्षाला शंभर तास भरणे कठीण. म्हणजे २५० तास पुरे व्हायला अडीच वर्षे लागणार. तेवढ्या काळात त्याच ऑइलमध्ये दोन-तीन पावसाळ्यांची ओल जिरते, जळणातून आलेले आम्ल साठते आणि मीटर मात्र अजून वेळ आहे असे सांगत राहतो. यंत्रखर्चाच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण दहा हजार तास धरण्याची रीत आहे. त्या न्यायाने पंधरा वर्षांत दीड हजार तास चाललेला ट्रॅक्टर लोखंडाने तरुण आहे. म्हातारे झाले आहे ते त्याचे रबर, तेल, पाणी आणि तारा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत हंगामभर ब्लोअर चालवणारा ट्रॅक्टर कामाने झिजतो, त्याला तासांचे वेळापत्रक लावा. कोरडवाहू चार एकरांतला ट्रॅक्टर उभा राहून झिजतो, त्याला पंचांग लावले पाहिजे.

उभे राहून यंत्र कसे बिघडते, हे प्रत्येक मिस्त्रीने पाहिलेले असते, फक्त त्याची संगती लावली जात नाही. अर्धी रिकामी डिझेल टाकी रात्रीच्या गारव्यात आतून घामेजते. ते पाणी तळाशी बसते आणि पेरणीच्या दिवशी पंपात आणि नोझलमध्ये जाते. म्हणून ट्रॅक्टर ठेवताना टाकी भरून ठेवावी आणि वॉटर सेपरेटरची वाटी महिन्याला मोकळी करावी. पावसाळी हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते, त्यामुळे मुक्काम लांबणार असेल तर पेडल दाबून खाली अडकवून ठेवावे. सायलेन्सरच्या उभ्या नळीवर डबा पालथा घातला नाही, तर पावसाचे पाणी थेट इंजिनाकडे जाते. बॅटरी निम्मी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि मग ती चार्ज धरत नाही. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये चुन्याचा थर धरते, तेव्हा कूलंटची काटकसर करू नये. आणखी एक सवय इथे स्पष्ट सांगायला हवी. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे ही देखभाल नव्हे, ते नुकसान आहे. थंड इंजिनात जळणाबरोबर तयार झालेले पाणी उडून न जाता ऑइलमध्येच उतरते. चालवायचा तर महिन्याने चालवा, पण अवजार जोडून, इंजिन पुरते तापेपर्यंत अर्धा-पाऊण तास.

यावर पहिला आक्षेप असा की इतके कमी काम असेल तर ट्रॅक्टर ठेवावाच कशाला? कर्नाटकात तालुक्याखालच्या होबळी पातळीवर कृषी यंत्रधारे केंद्रे आहेत, महाराष्ट्रातही अवजार बँका आहेत, भाड्याने काम होते. आक्षेपात तथ्य आहे. वर्षाला तीस-चाळीस तासांचेच काम असेल त्याने भाड्याचाच ट्रॅक्टर आणावा. पण वाफसा सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो. तांबड्या हलक्या जमिनीत तो दोन-तीन दिवसांत निघूनही जातो आणि भुईमुगाची पेरणी ट्रॅक्टरच्या पाळीसाठी थांबत नाही. त्या दोन दिवसांची किंमत भाड्याच्या दराशी ताडून पाहिली, तर दारातले जुने यंत्र महाग ठरत नाही. दुसरा आक्षेप नव्या ट्रॅक्टरचा. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मग नवाच घ्यावा. खरे आहे, पण त्याच वेळी ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ वर आला. आणि नवा ट्रॅक्टरही वर्षाचे अकरा महिने उभाच राहणार असेल तर दहा वर्षांनी तो याच जागी येईल, मधल्या काळात कर्जाचे हप्ते मात्र भरलेले असतील.

जुन्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत ही तक्रार आम्हाला निम्मी खरी वाटते. बेअरिंग क्रमांकाने मिळते. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो. ऑइल सील शाफ्ट, घर आणि जाडी या तीन मापांवर मिळते. बसवनगुडीपासून जवळ असलेल्या जे. सी. रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा आपल्या जिल्ह्याच्या गावी माप सांगणाऱ्याचे काम होते, फक्त मॉडेलचे नाव सांगणाऱ्याला हात हलवत परतावे लागते. खरी टंचाई गिअर, हायड्रॉलिक पंप आणि बिडाच्या भागांची आहे, आणि हे भाग फुटतात ते बहुधा झेपणार नाही एवढे अवजार लावल्याने. १५ अश्वशक्तीला मोठा रोटाव्हेटर जोडून कडक रानात घालणे हा त्या ट्रॅक्टरवरचा अन्याय आहे. एका बाबतीत मात्र जुनेपणाची सबब चालणार नाही: पीटीओ शाफ्टवरचे कव्हर. मिनिटाला ५४० फेरे फिरणारा तो दांडा धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा हात गुंडाळायला क्षण घेत नाही. कव्हर तुटले असेल तर ते बसवल्याशिवाय ट्रॅक्टर गॅरेजबाहेर सोडू नये, ही विनंती नव्हे, आग्रह आहे.

मिस्त्री बंधूंनी आपल्या गिऱ्हाइकांची वही तासांऐवजी महिन्यांनी मांडावी. ऑइल बदलले की फिल्टरवर रंगाने तारीख घालावी, तास भरोत न भरोत, वर्षाने ते पुन्हा बदलावे. पंख्याचा पट्टा, डिझेलच्या नळ्या आणि रेडिएटरचे होज दाबून, वाकवून पाहावेत, भेग दिसली की तिथेच बदलावेत. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल तांबड्या धुळीने घट्ट झालेले असते, ते ट्रॅक्टर ठेवण्याआधी काढावे. परिषेत शेंगा विकून शेतकरी घरी परततो तेव्हा हाती थोडे पैसे असतात, शेतात घाई नसते आणि पुढचा मृग सहा महिन्यांवर असतो. सर्व्हिसिंगचा दिवस त्या आठवड्यातच धरावा.