हजारात दोन रुपये

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले. एकूण रक्कम १०,३७१.९२ कोटी रुपये. त्यातला सर्वांत मोठा वाटा, साडेचार हजार कोटींहून अधिक, संगणकांची ताकद उभी करण्यासाठी आहे. ही यंत्रे सुरक्षित आणि विश्वासार्ह आहेत का, हे पाहणाऱ्या विभागाला मिळाले २०.४६ कोटी. म्हणजे हजारात जेमतेम दोन रुपये. ते दोन रुपये किती असावेत, कुणाला मिळावेत आणि कुणाच्या हातून मिळावेत, याविषयी हे काही मुद्दे. उदाहरण म्हणून चेन्नई घेतली आहे, कारण या विषयात तिथे जे जमले आहे आणि जे जमलेले नाही, ते दोन्ही एकाच शहरात पाहायला मिळते.

१. चेन्नईत धोरण आहे, संस्था आहेत, पैसाही आहे.

तमिळनाडूने २०२० मध्येच ‘सुरक्षित आणि नैतिक एआय धोरण’ जाहीर केले. एखादी प्रणाली जनतेवर वापरण्याआधी तिला गुण द्यायचे, यासाठी ‘डीप-मॅक्स’ नावाची गुणपत्रिकाच त्या धोरणात दिलेली आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. बी. रवींद्रन यांच्या नेतृत्वाखाली २०२३ पासून जबाबदार एआयचे स्वतंत्र केंद्र चालते. भारतीय संदर्भातले जात, धर्म, लिंग, अपंगत्व आणि आर्थिक स्थिती यांविषयीचे पूर्वग्रह यंत्रात किती मुरले आहेत, हे तपासण्यासाठी तिथल्या संशोधकांनी वाक्यसंग्रह तयार केला आहे. काम मोलाचे आहे. त्याच आवारातल्या, भारतीय भाषांसाठी एआय घडवणाऱ्या ‘एआयफॉरभारत’ला नीलेकणी दांपत्याने २०२२ मध्ये ३६ कोटी रुपये दिले. डेटा सायन्स आणि एआयच्या विद्याशाखेला २०२४ मध्ये उद्योजक सुनील वाधवानी यांचे ११० कोटी मिळाले. जबाबदार एआय केंद्राच्या उभारणीसाठी डिसेंबर २०२२ मध्ये दहा लाख डॉलर जाहीर केले ते गूगलने.

शेवटच्या रकमेपाशी जरा थांबू. देणाऱ्याच्या हेतूवर किंवा घेणाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या कंपनीची यंत्रे उद्या तपासावी लागतील, तिच्याच देणगीवर तपासणारे अवलंबून राहिले, तर कोणता प्रश्न आधी घ्यायचा आणि कोणता पुढच्या वर्षावर टाकायचा, हे नकळत ठरत जाते.

२. प्रयोगशाळेला दिसत नाही ते वस्तीला दिसते.

तमिळनाडू पोलिसांचे चेहरा ओळखणारे पोर्टल ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले. गस्तीवरचा पोलीस मोबाइलवर फोटो काढतो आणि तो पोलिसी नोंदींतल्या चेहऱ्यांशी जुळवून पाहतो. मे २०२४ मध्ये या पोर्टलमधली माहिती बाहेर फुटली. प्रणाली कितपत अचूक आहे, हे आयआयटीचा विद्यार्थी सांगू शकेल. पण शहराबाहेर वसवलेल्या कन्नगी नगरसारख्या पुनर्वसन वसाहतीत एकाच मुलाला महिन्यातून किती वेळा अडवले, चेहरा चुकीचा जुळल्यावर त्याला ठाण्यात किती तास बसवले, नोंद कुठे झाली, हे त्या वसाहतीतच विचारावे लागते. विचारणारा माणूस तिथलाच हवा आणि त्याचा दिवसाचा रोजगार बुडता कामा नये. इथे ३६ कोटींचे काम नाही. तीन-चार लाखांत ते होते आणि नेमके तेवढेच कुणी देत नाही.

३. थोड्या पैशांत काय होते, ते हैदराबादने दाखवले.

तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका नोटीस न देता रद्द झाल्या. २०१६ पासून त्यात ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली आली. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र करून ती घरटी पात्रतेचा अंदाज बांधत असे. हैदराबादच्या एका रिक्षाचालकाच्या नावावर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच माणसाची मोटार चढली आणि घरचे रेशन बंद झाले. कार्यकर्ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला. जुलै २०२२ पर्यंत तपासलेल्या २,०५,७३४ अर्जांपैकी १५,४७१ कुटुंबे पात्र निघाली. म्हणजे शंभरातली किमान सात. यंत्राच्या कारभाराची पूर्ण कहाणी जानेवारी २०२४ मध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ आणि ‘अल जझीरा’ यांनी छापली. तिला अमेरिकेतल्या पुलित्झर सेंटरच्या एआय उत्तरदायित्व उपक्रमाचे पाठबळ होते.

विद्यापीठांतही हेच दिसते. जॉय बुओलामविनी यांचा ‘जेंडर शेड्स’ हा २०१८ चा अभ्यास त्यांच्या एमआयटीतल्या पदव्युत्तर प्रबंधातून निघाला. १,२७० चेहऱ्यांच्या फोटोंवर त्यांनी बड्या कंपन्यांची, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याच्या आत, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. कंपन्यांना आपली यंत्रे दुरुस्त करावी लागली.

४. ‘यात एआय नाहीच’ ही पळवाट ठेवू नये; नोंदी किंवा चेहरे ताडून माणसे वगळणारी प्रत्येक प्रणाली तपासणीत यावी.

तमिळनाडूत महिलांना दरमहा हजार रुपये देणारी ‘मगळिर उरिमै तोगै’ योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. सुमारे १ कोटी ६३ लाख अर्ज आले, १ कोटी ६ लाखांवर मंजूर झाले. उत्पन्न, जमीन, मोटार, वीजवापर अशा निकषांवर सरकारी नोंदी ताडून बाकीच्यांना वगळले. पण वगळलेल्या महिलेला एसएमएसने कारण कळवायचे आणि ३० दिवसांत अपील करू द्यायचे, ही सोय सुरुवातीपासून ठेवली होती. आपल्याकडे ‘लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२५ मध्ये २६.३४ लाख लाभार्थी अपात्र ठरल्याचे सरकारने सांगितले. तेही वेगवेगळ्या खात्यांच्या माहितीच्या आधारे. त्यांतल्या अनेकजणी खरोखरच अपात्र असतील. पण शंभरातल्या सातजणी तेलंगणासारख्या भरडल्या गेल्या का, हे स्वतंत्रपणे कुणी मोजायचे?

अंगणवाडीचेही तसेच. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर सेविका काय करते, आहार न मिळता परत गेलेल्या गरोदर बाईची नोंद कुठे होते, हे तपासायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. महिनाभर दहा अंगणवाड्यांत बसणारी दोन माणसे लागतात.

५. परदेशी अनुदानाची वाट बंद आहे.

पूर्वी दिल्ली-मुंबईची मोठी संस्था परदेशी निधी घेई आणि त्यातले दोन-पाच लाख तालुक्यातल्या छोट्या संस्थेला देई. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगी कायदा (एफसीआरए) बदलला आणि असे पुढे पैसे देण्यावर बंदी आली. छोट्या संस्थेने स्वतःची नोंदणी करून घेणे तिच्या आवाक्यातले नाही. कंपन्यांचा सीएसआर निधी आहे, पण तो आयआयटीकडे जितक्या सहज जातो तितका वस्तीतल्या गटाकडे जात नाही. शिवाय पहिल्या मुद्द्यातला प्रश्न तिथेही उरतोच. तेव्हा पैसा इथल्या तिजोरीतूनच यायला हवा.

६. योजनेच्या खर्चाचा अर्धा टक्का राखून ठेवावा.

हा आकडा हवेतला नाही. मनरेगात सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे गावानेच काम तपासण्यासाठी, खर्चाच्या ०.५ टक्क्यापर्यंत रक्कम देण्याची तरतूद होती. खड्डा किती फूट खणला हे गावाने मोजायचे, तर शेतकऱ्याला सल्ला देणारे यंत्र किती वेळा चुकले हे गावाने का मोजू नये? महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. त्याचा अर्धा टक्का म्हणजे अडीच कोटी, म्हणजे पाच-पाच लाखांची पन्नास अनुदाने. छत्तीस जिल्ह्यांत प्रत्येकी एक देऊन वर चौदा उरतात. तोच नियम केंद्राच्या मिशनला लावला तर वीस कोटींचे जवळपास बावन्न कोटी होतात.

७. वाटपाच्या अटी आधी लिहून ठेवाव्यात.

(क) योजना राबवणाऱ्या खात्याचा निवडीत हात नसावा. आंध्र प्रदेशाने २००९ मध्ये सामाजिक अंकेक्षणासाठी स्वायत्त सोसायटी स्थापन केली, ती याच कारणाने.
(ख) अर्ज दोन पानी, मराठीत. तोंडी सांगण्याचीही मुभा. इंग्रजीतला पन्नास पानी प्रस्ताव मागितला की पैसे पुन्हा त्याच चार संस्थांकडे जातात.
(ग) एका गटासोबत एक महाविद्यालय. गटाला माणसे आणि बोली माहीत, महाविद्यालयाला नमुना कसा निवडायचा ते माहीत.
(घ) कायद्याच्या सल्ल्यासाठी वेगळी रक्कम. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीविषयीचे कलम आवळले गेले आहे. वगळलेल्यांच्या याद्या मागताना ही अडचण येणारच. माहितीच्या अधिकाराचा कायदा १९९७ मध्येच करणाऱ्या तमिळनाडू आणि गोव्यालाही ती चुकणार नाही.
(ङ) अहवाल आल्यावर खात्याने ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि दोन्ही कागद ग्रामसभेत किंवा प्रभागात वाचले जावेत.

८. आक्षेपांविषयी.

पहिला आक्षेप, पैसे खाल्ले जातील. काही जागी जातीलही. पण पाच लाखांच्या अनुदानाचा हिशेब गावासमोर वाचता येतो, पाचशे कोटींच्या कंत्राटाचा येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी पैसा घेणारा गट सरकारला जाब विचारेल का? काही राज्यांत अंकेक्षण करणारे खात्याच्याच तोंडाकडे पाहत बसले, हा अनुभव आहे. म्हणून (क) आणि (ङ) या अटी सोडून बाकीच्यांवर हवी तर घासाघीस करावी, या दोनांवर नको. तिसरा आक्षेप, पन्नास छोट्या अहवालांनी काही बदलत नाही. एकट्या अहवालाने बदलत नाही, हे खरे. तेलंगणात कार्यकर्ता, वकील, पत्रकार आणि संशोधक असे चौघे लागले. मात्र कुणीतरी आधी रद्द झालेली कार्डे घरोघर जाऊन मोजली नसती, तर बाकीच्या तिघांच्या हाती काहीच पडले नसते.

सुरुवात ‘महाॲग्री-एआय’पासून करता येईल, कारण तिथला खर्च अजून व्हायचा आहे. आमदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात अडीच कोटींचे वेगळे लेखाशीर्ष मागावे. ते मिळेपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यातल्या शेतकरी गटांनी कृषी खात्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आमच्या तालुक्यात कोणती प्रणाली वापरणार, ती कुणी बनवली, आणि तिच्या सल्ल्याने पीक गेले तर तक्रार कुणाकडे करायची.